कृषि पदवीनंतर एम.एस्सी. : अर्जाची तयारी केव्हा व कशी करावी?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, हुमणी आणि खोडकिडा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. अलीकडे शेतकी कार्यालयात आलेले काही सभासद उसाचे काम आटोपले तरी खुर्चीतून उठत नाहीत. जरा थांबून हळूच विचारतात, "साहेब, पोरगं बी.एस्सी. ॲग्री झालं. आता एम.एस्सी.चं म्हणतंय. त्याचा अर्ज कुठं भेटतो?"

अर्ज आता कुठे भेटत नाही, तो संगणकावर भरावयाचा असतो, एवढे तर मुलांनाही ठाऊक असते. पण अर्ज भरता येणे आणि प्रवेश मिळणे यांत जे अंतर आहे, त्यात आपली पोरे अडकतात. हुशारीत कमी पडून मागे राहिलेली मुले आम्ही पाहिली, त्यापेक्षा कागदासाठी मागे राहिलेली जास्त पाहिली. म्हणून हा लेखनप्रपंच.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातील आमच्या सभासदाची मुलगी. घरची अडीच एकर जमीन, त्यात एक एकर ऊस. मुलगी बी.एस्सी. (कृषि) चांगल्या गुणांनी पास झाली. चौथ्या वर्षी प्रशिक्षणासाठी आपल्या कारखान्यावर होती, तेव्हा आम्हीच तिला बेणेमळा दाखविला होता. तिला वनस्पती प्रजननात पुढे शिकायचे होते. प्रवेश परीक्षा दिली, गुणही ठीक पडले. पण अर्जात अनुसूचित जमातीच्या रकान्याशी आली आणि थांबली. जात प्रमाणपत्र होते, वैधता प्रमाणपत्र नव्हते. पदवीच्या वेळी तिला खुल्या वर्गातून जागा मिळाली होती. गरज पडली नाही म्हणून कोणी वैधतेच्या मागे लागले नाही. अर्ज पुन्हा खुल्या वर्गातून गेला आणि यादीत नाव थोडक्यात मागे राहिले. बाप कार्यालयात येऊन बसला. म्हणाला, "आते काय करानं, साहेब?" त्या वर्षापुरते करण्यासारखे काही नव्हते. दोष कोणत्या कचेरीचा नव्हता. प्रस्तावच दाखल केलेला नव्हता, मग निकाल कुठून लागणार? आणि खरे सांगायचे तर मुलगी दोन महिने आमच्या डोळ्यासमोर होती, आम्हीही तिला एका शब्दाने विचारले नाही.

उसाच्या भाषेत सांगतो म्हणजे लवकर उमजेल. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोड पुढच्या वर्षीच्या हंगामात येते. लागणीची नोंद ज्या तारखेला, त्या क्रमाने तोडीचा प्रोग्राम. नोंद केली नाही आणि नोव्हेंबरात फडात उभे राहून चिटबॉयला हाका मारल्या तर कोयता येत नाही. एम.एस्सी.चेही तसेच आहे. परीक्षा आणि प्रवेश ही तोड झाली. नोंद त्याच्या दीड-दोन वर्षे आधीची, म्हणजे मुलगा किंवा मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असतानाची.

आता प्रवेशाची वाट कशी आहे ते पाहू. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषि विद्यापीठे आहेत. आपला भाग राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे येतो. १९६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. धुळ्याचे कृषि महाविद्यालय त्याहूनही जुने, १९६० चे. १ जुलै १९९८ ला आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. पुढे नंदुरबारलाही राहुरी विद्यापीठाचे कृषि महाविद्यालय निघाले, तेव्हा पदवीपुरती तरी घरापासूनची लांबी कमी झाली. एम.एस्सी.साठी मात्र राहुरी, धुळे, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी जावे लागते. चारही विद्यापीठांचे प्रवेश एकत्रित होतात, त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते, आणि कारभार पुण्याच्या महाराष्ट्र कृषि शिक्षण व संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली चालतो. ही एक वाट.

दुसरी वाट अखिल भारतीय. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा असते. २०१९ पासून ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एन.टी.ए., घेते. या परीक्षेतून दिल्लीच्या पुसा संस्थेत जाता येते आणि देशातील राज्य कृषि विद्यापीठांतल्या काही जागाही भरल्या जातात. अलीकडची रीत अशी की १२० प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलेल्याला १ गुण वजा. प्रश्न इंग्रजीतच. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असल्याने मुलांना त्याची भीती वाटू नये. पण जी मुले चार वर्षे मराठी नोट्स पाठ करून पास होत आली, त्यांना इथे हिसका बसतो.

या परीक्षेत एक खाचखळगा आहे. विषयगट अर्ज भरतानाच निवडावा लागतो आणि पुढचा प्रवेश त्या गटातल्याच विषयांना मिळतो. मृदाशास्त्र ज्याला हवे त्याला 'भौतिक विज्ञान' नावाचा गट घ्यावा लागतो. नाव ऐकून मुलांना वाटते की हे फिजिक्सवाल्यांचे काहीतरी असेल, आणि ती भलत्याच गटावर खूण करतात. माहितीपुस्तिका पन्नास-साठ पानांची असते, कोणी वाचीत नाही. सभासदांनी मुलांना एवढेच सांगावे की बाबा, बसून पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा वाच, मगच अर्जाला हात लाव. दोन्ही परीक्षांना बसावे, एकीच्या भरवशावर राहू नये.

विषयाची निवड हाही मोठा घोळ आहे. ज्याला विचारावे तो उद्यानविद्या म्हणतो. उद्यानविद्या चांगली आहे, पण सगळ्यांनी तिकडेच धावायचे कारण नाही. आपल्या भागाच्या दृष्टीने पाहिले तर मृदाशास्त्र, कृषिविद्या, वनस्पती प्रजनन आणि कीटकशास्त्र यांत करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या शेतात जी को ८६०३२ उभी आहे, ती कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निघाली आणि २००० साली प्रसारित झाली. फुले २६५ पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिली. पाडेगावचे केंद्र १९३२ चे, कोइमतूरची संस्था १९१२ ची. जात निघते म्हणजे काय होते? शेकडो रोपांची मापे वर्षानुवर्षे कोणीतरी घेत बसतो. फुटवे मोजतो, ब्रिक्स पाहतो, वहीत लिहितो. एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत हेच काम शिकतो. पहिल्या वर्षी वर्गातले विषय, मग मार्गदर्शकांच्या हाताखाली प्रयोग आणि प्रबंध. ज्याला उन्हात उभे राहून मापे घ्यायचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. 'एम.पी.एस.सी. होईस्तोवर कुठंतरी नाव असावं' म्हणून एम.एस्सी. करणारी मुलेही असतात. त्यांना आम्ही वाईट म्हणत नाही, पण त्यांच्यामुळे एखाद्या गरजूची जागा जाते, हेही खरे.

आता कागदांकडे येऊ, कारण मुख्य दुखणे तिथेच आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ६९ टक्के आहे. म्हणून वैधतेचा विषय आधी. जात प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळते, वैधता तपासणी समितीकडून. समितीपुढे दाखवायचे असते ते हे की त्या तारखेपूर्वीपासून आपले घराणे त्या जमातीचे आहे आणि महाराष्ट्रातले आहे. अनुसूचित जमातीसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे मुलाचा दाखला पुरत नाही, बापाचा पुरेलच असे नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावे लागते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जमिनीचे जुने हक्कनोंदीचे कागद, आणि हे सगळे एका माळेत ओवणारी वंशावळ.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगरात शाळा उशिरा पोचल्या. तिथल्या आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात सापडणार कसे? अशा घरांनी महसुलाचे आणि जन्म-मृत्यूचे जुने कागद शोधावेत. तालुक्याच्या अभिलेख कक्षात नक्कल मागितली की मिळते, पण हेलपाटे पडतात. चुलता, चुलतभाऊ, आत्या अशा बापाकडच्या रक्तनात्यातील कोणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत अवश्य जोडावी, त्याने काम पुष्कळ हलके होते. भावकीत बोलणे नसले तरी एवढ्यासाठी बोलावे. आम्ही एका घरात पाहिले, चुलत्याकडे वैधता होती आणि बांधाच्या भांडणामुळे पुतण्याने तीन वर्षे मागितली नाही.

नावातला फरक ही आणखी एक गंमत. शाळेच्या दाखल्यावर वळवी, सातबाऱ्यावर वळ्वी, आधारावर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. बापाचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते 'भाऊ' लावलेले. हे वेळीच दुरुस्त करून घ्यावे किंवा राजपत्रात प्रसिद्ध करावे. प्रवेशाच्या आठवड्यात ते होत नाही.

इतर मागासवर्गीय सभासदांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना वैधतेशिवाय नॉन-क्रिमीलेअर दाखलाही लागतो. ऊसबिलाची रक्कम पाहून कित्येकजण स्वतःच ठरवून टाकतात की आपण उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर गेलो. असे ठरवू नये. क्रिमीलेअरच्या १९९३ च्या केंद्रीय नियमात आईबापांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. इतर उत्पन्नाची लागोपाठ तीन वर्षांची मर्यादा २०१७ पासून ८ लाख आहे. शेतीच्या बाबतीत पाहिली जाते ती जमीन. ओलिताची जमीन कमाल धारणेच्या ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर दाखला मिळत नाही. आपल्यात एवढी ओलिताची जमीन कितीजणांकडे आहे, ते सभासदांनीच सांगावे. हा दाखला मुदतीचा असतो, त्यावरची तारीख वाचावी. मुदत संपलेला दाखला जोडलेला अर्ज आम्ही दरवर्षी एक तरी पाहतो.

अखिल भारतीय परीक्षेला राज्याचा नमुना चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे की नाही तेही पाहावे लागते. दोन्ही याद्या एकसारख्या नाहीत. तसेच केंद्राच्या ई.डब्ल्यू.एस. दाखल्याला, घरात ५ एकर किंवा अधिक शेतजमीन असली की माणूस बसत नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो.

शिष्यवृत्तीचे उत्पन्न हा मात्र वेगळा हिशेब आहे, तिथे शेतीचे उत्पन्नही धरतात. दोन्हीची गल्लत करू नये. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मर्यादा अडीच लाखांची आहे. त्यावर उत्पन्न गेले तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत असते, म्हणून अर्ज करायचा सोडू नये. हे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. बँक खाते आधारला जोडलेले नसले की पैसा येत नाही, आणि मुलगा वसतिगृहात उसनवारी करीत बसतो.

आता संगणकाची गोष्ट. घरी संगणक नाही, डोंगराकडे मोबाइलला रेंज नाही, म्हणून मुलगा तालुक्याच्या गावी कॅफेत जातो. कॅफेवाला घाईत असतो. अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो, ई-मेलही स्वतःचाच, म्हणजे ओ.टी.पी. लगेच येतो आणि गिऱ्हाईक लवकर निघते. आमच्या गटातल्या एका मुलाचे असेच झाले. जागा लागली. ती अमुक तारखेच्या आत कबूल करून फी भरायची होती. निरोप कॅफेवाल्याच्या फोनवर आला, आणि तो लग्नाला सुरतेला गेलेला. परत आला तेव्हा मुदत उलटून दोन दिवस झाले होते. मुलगा इकडे रोज वर्तमानपत्रात यादी शोधत होता. तेव्हा नंबर आणि ई-मेल स्वतःचाच टाकावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, आणि ते सिमकार्ड प्रवेश होईपर्यंत बदलू नये. रिचार्ज संपला म्हणून नवीन सिम घेणारी पोरे फार आहेत.

प्रवेशफेरीत महाविद्यालयांचा आणि विषयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. इथे मुले दोन चुका करतात. एक तर तीनच नावे टाकतात, किंवा मग जिथे मुळीच जायचे नाही अशी नावेही भरून ठेवतात. जिथे खरोखर जाऊ अशी सगळी नावे आपल्या आवडीच्या क्रमाने टाकावीत. लागलेली जागा घेतली तर पुढच्या फेरीत बदल मिळतो की नाही, याचा नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचावा. घरात बसून ठरवावे, आईला विचारावे. मुलीला दापोलीला पाठवायचे की नाही हे जागा लागल्यावर ठरवण्यात अर्थ नाही.

ज्यांची मुले रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहेत, त्यांच्यासाठी थोडे. साखर तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत आहे. १९३६ साली सुरू झालेली ही जुनी संस्था, प्रवेश परीक्षेने घेतात. पुण्याजवळ मांजरीला १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथेही साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालतात. कारखान्यात केमिस्ट म्हणून काम करायचे तर ही वाट सरळ.

शेवटी शिफारसपत्राविषयी, कारण ती मागायला मुले आमच्याकडेच येतात. राज्याच्या एम.एस्सी. प्रवेशाला शिफारसपत्र लागत नाही. चेअरमनसाहेबांच्या लेटरहेडवर दोन ओळी आणल्या तर गुणवत्ता यादीत नाव वर सरकत नाही, हे सभासदांनी मनाशी पक्के करावे. परदेशी विद्यापीठे मात्र दोन-तीन पत्रे मागतात आणि 'मला हे का शिकायचे आहे' असे विद्यार्थ्याचे स्वतःचे निवेदनही. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेश शिक्षणाची शिष्यवृत्ती दरवर्षी देशभरातून २० विद्यार्थ्यांना मिळते. संख्या थोडी आहे, पण आपल्या जिल्ह्यातून अर्जच गेले नाहीत तर नंबर लागणार कुठून? बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. अर्ज केला, करारावर सही केली, मग बोटीत बसले.

तर पत्राचे. गेल्या साली एक मुलगा आला, त्याला परदेशी विद्यापीठासाठी पत्र हवे होते. नमुना लिहूनच आणला होता : हुशार, होतकरू, सुशील, नम्र. आम्ही तो बाजूला ठेवला. मुलगा सहा आठवडे आमच्याकडे होता. त्याने खोडव्याच्या आणि लागणीच्या फडात खोडकिडीने मेलेले कोंब मोजले होते, मोजणीत आमच्या माणसाची चूक काढून दाखविली होती, आणि एकदा पावसात वही भिजली तर दुसऱ्या दिवशी सगळे फड पुन्हा मोजले होते. आम्ही तेवढेच लिहिले. इंग्रजी आमचे बेताचे, मुख्य लिपिकाने तपासून दिले. पत्र मुलाच्या हाती द्यायचे नव्हते, विद्यापीठ लिहिणाऱ्याकडून थेट मागवते. मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे की पत्र अशाच शिक्षकाकडे मागावे ज्याने आपले काम डोळ्याने पाहिले आहे, आणि निदान महिनाभर आधी मागावे. उद्या शेवटची तारीख आणि आज संध्याकाळी पत्र मागायला येणारे आम्ही परत पाठवतो.

आम्ही स्वतः मराठी माध्यमाची कृषि पदविका केली. त्या वेळी पुढे पदवीला जाण्याची काही सोय आहे का, हे विचारायला घरात कोणी नव्हते आणि बाहेर कोणाला विचारावे ते कळत नव्हते. नोकरी लागली, तिच्यात रमलो. त्याची खंत करीत बसलो नाही. परंतु एखादा सभासद दारात उभा राहून चाचरत विचारतो, तेव्हा आम्ही हातातली तोडचिठ्ठी बाजूला ठेवतो.

त्या मुलीचा वैधतेचा प्रस्ताव त्याच पावसाळ्यात दाखल झाला. पणजोबांच्या नावाची जन्म-मृत्यूची जुनी नोंद मिळाली, आत्याच्या मुलाने कागद शोधायला दोन दिवस घातले. वैधता पुढच्या हंगामाच्या आत हाती आली. तिने परीक्षा पुन्हा दिली आणि आता ती वनस्पती प्रजननाच्या पहिल्या वर्षाला आहे. मधले वर्ष तिने घरच्या उसात काढले.

ज्या सभासदांची मुले सध्या कृषि पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांनी जात प्रमाणपत्र, वडिलांचा व आजोबांचा शाळेचा दाखला असल्यास तो, जुना सातबारा आणि मुलाची आतापर्यंतची गुणपत्रके यांच्या प्रती घेऊन आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारनंतर आपल्या गट कार्यालयात यावे. त्या वेळी शेतकी खात्याचा एक माणूस कागद पाहण्यासाठी बसेल. मूळ कागद आणू नयेत, प्रती आणाव्यात. मुलाला किंवा मुलीला सोबत आणावे.

— ऊस विकास अधिकारी